खारट चिखल, अळणी वरण

मीठ या एका शब्दावरून आमच्या घरात रडारड झाली असं सांगितलं तर लोक हसतात. हसू दे. दुसऱ्याच्या घरी झालं असतं तर मीही हसले असते. पण आमचे हे गेल्या हिवाळ्यात गेले, आणि जाईपर्यंत त्यांनी दुसरं काही मागितलं नाही, मीठ तेवढं मागितलं. म्हणून मलाही मिठाचंच सांगायचं आहे. सुरुवात मात्र फुलपाखरांपासून होते, त्याला माझा इलाज नाही.

रेल्वेच्या ऑफिसात टेबलाला चिकटून जन्म काढलेला माणूस. वर्धा-नागपूरकडून इकडे रायपूरला आलेल्या मराठी घरांत रेल्वे म्हणजे कुलदैवत. सासरे रेल्वेत, हे रेल्वेत, तात्यापारा मोहल्ल्यातलं घरही रेल्वेच्या पगारातून उभं राहिलेलं. रिटायर झाल्यावर माणसं देवळात जाऊन बसतात, प्लॉट बघत हिंडतात, नाहीतर बायकोच्या फोडणीत नाक खुपसतात. यांना फुलपाखरांचा नाद लागला. मुलानं एक कॅमेरा दिला आणि तिथून सुरू झालं. सकाळी बूढ़ा तालाबला फिरायला म्हणून जायचे आणि पॅन्टचे गुडघे चिखलानं माखून परत यायचे.

"पडले की काय?" मी विचारायची.

"नाही वो. बसलो होतो."

"चिखलात?"

"चिखलातच बसते ना ते."

ते म्हणजे फुलपाखरू. आयुष्यभर कोणापुढे वाकला नाही तो माणूस, साहेबापुढेही नाही, आणि म्हातारपणी गुडघे टेकले ते या पाखरापुढे. मला तेव्हा त्याचं कौतुक नव्हतं. चिखलाच्या पॅन्ट मला घासाव्या लागत होत्या.

पाऊस सरला की मग मैनपाट. दर वर्षी. रायपूरहून गाडीनं अंबिकापूर, तिथून जीप, घाट चढला की ते भलंमोठं पठार. वर पोचल्यावर थंडी अशी की माझी कुरकुर सुरू. हॉटेलात गरम पाणी नाही, चहात दूध नाही, आणि नवरा उजाडायच्या आत गवतात गायब. टाऊची, म्हणजे आपल्या उपासाच्या कुट्टूची, शेतं फुललेली असायची, पांढरी-गुलाबी, नजर जाईल तिथवर. मला वाटायचं, फुलपाखरं बघायची तर इथं उभं राहावं. हे मात्र फुलांकडे ढुंकून बघायचे नाहीत. कुरणातून तडक खाली नाल्यावर जायचे, जिथं गाई-म्हशी पाणी प्यायला उतरतात, आणि शेण-मूत तुडवून काळा चिखल झालेला असतो. तिथं.

पहिल्यांदा मी तो प्रकार पाहिला तेव्हा नाकाला पदर लावून उभी होते. ऊन वर आलं आणि एकेक करून फुलपाखरं उतरायला लागली. पिवळी, पांढरी, निळ्या ठिपक्यांची काळी. पंख मिटून, एकमेकांना खेटून, लग्नाच्या पंगतीला बसल्यासारखी त्या घाणीत बसली. आणि बसली ती उठेचनात. काळी सोंड चिखलात खुपसायची, जरा सरकायची, परत खुपसायची.

"अहो, एवढी फुलं सोडून हे शेणात काहून बसले?"

"फुलात गोड भेटते फक्त," हे कॅमेऱ्यामागून बोलले. "मीठ नाही भेटत. आन मिठाबिगर कोणाचं चालते? तुह्या वरणाचं चालते का?"

त्याला म्हणे चिखलपान म्हणतात. हे शब्द यांनी कुठून कुठून गोळा केलेले. पानाफुलांतून जे मिळत नाही ते या चिखलात मिळतं, डोंगरावर तर मीठ फारच दुर्मिळ, म्हणून इतकी झुंबड. आणि त्यातही जास्त करून नर. नर मीठ गोळा करतो आणि जुगताना मादीला देऊन टाकतो, तिच्या अंड्यांसाठी. हे सांगताना यांच्या चेहऱ्यावर अशी काही ऐट, जणू स्वतःच देऊन आले.

"पाह्य, नवरा कसा मीठ आणून देते बायकोले."

"आणि आमचा नवरा? किराणा मीच आणते तात्यापाऱ्यातून."

"पिशवी कोण धरते?"

असं आमचं चालायचं. एकदा तर मी नाल्यावर पाय धूत होते, हे झुडपामागे गेले, आले, आणि वाळूवरच्या एका ओल्या जागेपुढे कॅमेरा लावून पालथे पडले. बघते तर फुलपाखरांची रीघ लागलेली. माझ्या डोक्यात प्रकाश पडायला जरा वेळ लागला. पडला तेव्हा मी किंचाळले.

"अहो! लाज आहे का काही? ते तुमच्या..."

"हळू बोल. पाहुणे उठतीन."

शिवी घातली मी, आणि हसून हसून पोट दुखलं. त्याच दिवशी परत येताना चढणीवर मला घाम आला, बसले एका दगडावर, तर एक पिवळं फुलपाखरू माझ्या मनगटावर उतरलं. मी झटकणार, तर हे लांबूनच खुणा करायला लागले, हलू नको, हलू नको. त्याची सोंड माझ्या घामावर फिरत होती. केस टेकल्यासारखं, इतकं हलकं. मला फार आवडलं, खोटं कशाला बोलू. जगात माझ्या घामाचाही कोणाला उपयोग आहे असं वाटलं आणि बराच वेळ मी हात तसाच धरून बसले.

ती आमची शेवटची मैनपाट वारी निघाली. पुढच्या वर्षी पाऊस सरायच्या आधी यांना जिना चढवेना. दोन पायऱ्या झाल्या की उभे राहायचे, म्हणायचे, "काही नाही, पाहून राहिलो." काय पाहून राहिले, समोर भिंत! मग पाय सुजले. चपलेचा पट्टा पायात रुतून बसायचा आणि काढल्यावर त्याची खाच तशीच राहायची. डॉक्टरांनी तपासलं, हृदयाचं पंपिंग फार कमी झालं आहे म्हणाले. शरीरात पाणी साठतं आहे. गोळ्या लिहिल्या, पाणी मोजून प्यायला सांगितलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "माताजी, नमक बिलकुल बंद. नमक को इनके लिए ज़हर समझिए."

मी समजले. एकदा समजले की मी समजते. लोणच्याच्या बरण्या उचलून शेजारी दिल्या. पापड दिले. मिठाचा डबा वरच्या फळीवर, पिठाच्या डब्यामागे गेला. मला एवढंच कळत होतं की हा माणूस मला हवा आहे. कसाही, सुजलेला, कुरकुरणारा, पलंगावरचा, पण हवा. मीठ नसल्यानं तो राहणार असेल तर या घरात मीठ येणार नाही.

बोलणं सोपं. आमच्यात ताट वाढायला घेतलं की आधी मीठ, ताटाच्या वर, मधोमध. आईनं शिकवलेलं, हात आपोआप जातो. कितीदा तरी मी चिमूट टाकून मग ओल्या बोटानं पुसून काढली आहे, आणि हे पलंगावरून बघत आहेत. जेवताना सपासप जेवणारा माणूस घास तोंडात घोळवत बसायला लागला. मी लिंबू पिळून पाहिलं, चिंच घातली, आमचूर घातलं, लसूण जाळून फोडणी दिली. म्हणायची, "आज टाकलं आहे हो थोडंसं." हे जिभेवर फिरवायचे आणि माझ्याकडे बघून म्हणायचे, "लिंबू होय हे. मले काय येडा समजतं?"

त्यांच्याबरोबर मीही अळणीच खायचं ठरवलं होतं. बायकोनं तेवढं तरी करावं. ते काही टिकलं नाही. थोड्याच दिवसांत मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहून, दाराकडे पाठ करून माझ्या वरणात मीठ कालवून खायला लागले. एकदा तशीच खात होते आणि पलंगावरून आवाज आला, "झाकण वाजलं डब्याचं." राग नव्हता आवाजात. नुसतं सांगितलं.

उन्हाळा आला. रायपूरचा उन्हाळा काय सांगू, कूलरसमोर बसलं तरी भट्टी. एका दुपारी लाइट गेली होती. मी हातपंखा आणायला आत गेले आणि परत येते तर हे आपलं मनगट चाटत होते. डोळे मिटून, सावकाश, एका बाजूनं दुसऱ्या बाजूला. मी दारातच थिजले. चढणीवर माझ्या हातावर बसलं होतं ते पाखरू मला आठवलं, आणि ते आठवल्याचा मला संताप आला. तिथं किती मजेची गोष्ट होती ती! हा माझा नवरा होता आणि त्याला स्वतःच्या घामाची चोरी करावी लागत होती. मी पाऊल वाजवलं. त्यांनी हात पाठीमागे नेला. मीही काही पाहिलं नाही असं दाखवून पंखा घालत बसले.

देवधर्म मी फार करत नाही, पण तेव्हा करायला लागले. कोणाची तरी नजर लागली असेल म्हणून एका संध्याकाळी मीठ-मोहऱ्या मुठीत घेऊन दृष्ट काढायला बसले. मूठ यांच्यावरून उतरवत, पुटपुटत होते, तर यांनी माझं मनगट गच्च धरलं. इतकी ताकद कुठून आली कोण जाणे.

"आगीत कायले टाकतं? माह्या तोंडात टाक."

"सोडा. असं बोलू नये दृष्टीच्या वेळी."

"तुले पाखरं दाखवले ना मी. पाह्यलं ना तू, कसे बसते ते मिठावर? मंग? मी काय त्याईच्याहून वेगळा हाओ का?"

मी हात सोडवून घेतला. मूठ निखाऱ्यावर टाकली. मीठ तडतडलं आणि ते त्या आवाजाकडे बघत राहिले. नवरा मीठ आणून देतो बायकोला. आणि बायको काय करते? जाळते. हे मला तेव्हाच सुचलं आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

पुढं त्यांना उठवणं-बसवणं माझ्या एकटीच्या हाताबाहेर गेलं, म्हणून एक बाई ठेवली. अभनपूरकडची. इकडे लग्न होऊन आलेल्या बाईला तिच्या माहेराच्या गावावरून हाक मारतात, म्हणून ती अभनपुरहीन. मनानं फार चांगली. काहीही सांगा, "हव" म्हणायची, म्हणजे हो, आणि करायची. तिला मी पहिल्याच दिवशी हिंदीत बजावलं, नमक बिलकुल नहीं. ती म्हणाली, हव.

त्याच सुमारास यांची हिंदी गेली. माझ्या लक्षात यायलाही वेळ लागला. सारी नोकरी हिंदीत केलेला माणूस, भाजीवाल्यापासून साहेबापर्यंत सगळ्यांशी हिंदीत भांडलेला. आजारात ती सगळी गळून गेली आणि आईनं शिकवलेली वऱ्हाडी तेवढी उरली. तीही अर्धवट, शब्द शोधत. आमचा मुलगा पुण्यात असतो. पुण्यात राहून तो फोनवर माझ्याशी हिंदीत बोलतो, काय म्हणावं! "पापा कुछ बोल रहे हैं, समझ नहीं आ रहा, माँ." मराठी त्याला कळते, पण ही मोडकी, तोंडातल्या तोंडात बोललेली वऱ्हाडी त्याला कळेना. म्हणजे या घरात यांचं बोलणं कळणारी मी एकटी राहिले. आणि मी तर मीठ देत नव्हते.

एक दिवस मी औषधं आणायला गेले. दुकानात हे नाही, ते नाही, उशीर झाला. परत आले तर जिन्यातच यांच्या रडण्याचा आवाज. यांना रडताना मी आयुष्यात ऐकलं नव्हतं, म्हणून आधी ओळखलाच नाही. धावत वर गेले. हे पलंगावर टेकून बसलेले, हनुवटी चिकट, बनियनवर पांढरी भुकटी सांडलेली, आणि अभनपुरहीन हातात बशी घेऊन रडवेली उभी.

"दीदी, आप गईं तब से मीठा-मीठा कर रहे हैं. बताशा दिए तो थूक दिए. फिर भी मीठा-मीठा. तो शक्कर दिए. अब देखो, रो रहे हैं."

बशीत बत्तासे होते, अर्धे चोखलेले.

यांनी माझ्याकडे बघितलं. "मीठ मांगतलं," ते म्हणाले. "साखर आणते. पुन्हा मांगतलं, पुन्हा साखर आणते. सारी जिंदगी या गावात काढली, आन मले मीठ मांगता येऊन नाही राहिलं."

आणि मी हसले. देवाशप्पथ, आवरलंच नाही मला. मीठ आणि मीठा! पदर तोंडात कोंबला तरी हसू फुटत होतं. हे माझ्याकडे बघत होते आणि हसत नव्हते. हसता हसता माझं काय झालं कळलं नाही, मी खाली फरशीवर बसले आणि मोठ्यानं रडायला लागले. अभनपुरहीन घाबरली. तिला मी कसंबसं सांगितलं की मराठीत मीठ म्हणजे नमक.

"हाय दाई!" तिनं कपाळावर हात मारला. "बाबू ह नून मांगत रिहिस? मैं त मीठा समझ गेंव." मग यांच्या तोंडाकडे बघून तिचा जीव कळवळला असावा. हळूच म्हणाली, "थोड़ा-सा दे दूँ, दीदी? इत्ता-सा?"

"खबरदार!" मी ओरडले.

हा शब्द यांना कळला. त्यांनी मान दुसरीकडे वळवली. मी ओल्या फडक्यानं हनुवटी पुसली तेव्हा त्यांनी पुसू दिली, पण बघितलं नाही. खरं सांगू? ती साखर पाहून मला आत कुठंतरी बरंच वाटलं होतं. बरं झालं, हिला कळलं नाही. कळलं असतं तर दिलं असतं हिनं.

सगळ्यात वाईट अजून पुढेच होतं. यांचं बोलणं फारच असंबद्ध व्हायला लागलं म्हणून डॉक्टरांनी रक्त तपासलं. रिपोर्ट आणायला मीच गेले. तिथल्या पोरीला विचारलं तर ती म्हणाली, सोडियम बहुत कम है. सोडियम म्हणजे काय, मी विचारलं. नमक, आंटी, ती म्हणाली.

मला काय आनंद झाला! रक्तात मीठ कमी! रिक्षात बसल्या बसल्या मी ठरवून टाकलं की आज फोडणीच्या वरणात मीठ पडणार. घरी येऊन चपला काढायच्या आधी यांच्या कानाशी ओरडले, "अहो, तुमच्या रक्तात मीठ कमी झालं! मीठ कमी झालं हो!"

त्यांचे डोळे उघडले. किती तरी दिवसांनी पूर्ण उघडले. "मंग दे," ते म्हणाले.

"देते. डॉक्टरांना एक फोन करते आणि देते. आजच देते."

डॉक्टर फोनवर म्हणाले, नाही. मीठ कमी दिसतं ते अंगात पाणी फार झालं म्हणून. पातळ झालं आहे सगळं. मीठ दिलं तर ते आणखी पाणी धरून ठेवील आणि श्वास कोंडेल. मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, वरणात पाणी जास्त झालं तर आम्ही मीठ टाकतो. ते म्हणाले, "माताजी, ये दाल नहीं है."

आता सांगा, हे जाऊन कोणाला सांगायचं? माणसाला मीठ कमी पडलं आहे, त्याचं डोकं त्यामुळेच चालत नाही, तो रात्रंदिवस तेच मागतो आहे, आणि तेच द्यायचं नाही. कुरणातल्या पाखराला कळतं आपल्याला काय हवं, ते जाऊन बसतं त्यावर. माझ्या नवऱ्यालाही कळत होतं. पण पलंग आणि डबा यांच्या मध्ये मी बसलेली. मी फोन ठेवून बाहेर आले. हे तोंड थोडं उघडं ठेवून वाट बघत होते. मी त्यात पाण्याचा चमचा घातला. त्यांनी गिळलं, आणि मग माझ्याकडे बघितलं ते मला आजही बघवत नाही.

हिवाळा लागला. टाऊ फुलला असेल आता वर, असं मी एकदा मोठ्यानं म्हटलं. त्यांना टाऊ आठवला नाही. सूज पोटापर्यंत चढली होती. डॉक्टर घरी येऊन गेले. स्टेथोस्कोप गळ्यात टाकला, मला बाहेरच्या खोलीत बोलावलं, उभ्या उभ्याच म्हणाले, "अब जो माँगें, दे दीजिए. परहेज़ की ज़रूरत नहीं."

मी विचारलं, "नमक भी?"

"सब कुछ."

इतके महिने मी हेच वाक्य मागत होते. आलं ते असं आलं. मला त्या माणसाची कॉलर धरून ओरडावंसं वाटलं, की नाही, बंदच ठेवा मीठ, ज़हर म्हणालात ना, ज़हरच म्हणा. मुलाला फोन केला. तो एवढंच म्हणाला, "मैं आ रहा हूँ."

तो यायच्या आधी मी पातोडीचा रस्सा केला. यांच्या जिवाचा पदार्थ. बेसन शिजवून थापलं, वड्या पाडल्या, खोबरं, खसखस भाजून वाटली, तर्री सुटेपर्यंत मसाला परतला. वरच्या फळीवरून मिठाचा डबा काढला. बेसनात मीठ टाकलं, रश्श्यात टाकलं, चाखून पाहिलं आणि आणखी टाकलं. हात चुकला नव्हता. ताट घेतलं आणि सगळ्यात आधी मीठ वाढलं, वर, मधोमध. ढीगच वाढला खरं तर. अभनपुरहीन दारात उभी राहून बघत होती, तिला मी म्हटलं, तू जा घरी आज.

उशीला टेकवून बसवलं. पातोडी कुस्करून, रश्श्यात भिजवून पहिला घास तोंडात दिला.

त्यांनी हळूहळू चावलं. मी त्यांच्या तोंडाकडे जीव मुठीत धरून बघत होते.

"अळणी," ते म्हणाले.

"नाही हो. टाकलं आहे. पुष्कळ टाकलं आहे."

दुसरा घास दिला, त्यांच्या डोळ्यांदेखत ताटातलं मीठ त्यात कालवून.

"अळणी."

मी चाखलं. खारट जहर झालं होतं, जीभ चरचरली. मग मी घास ठेवला आणि नुसतं मीठ चिमटीत घेऊन त्यांच्या जिभेवर ठेवलं. त्यांनी तोंड मिटलं. जीभ आत फिरत होती, मला गालाला दिसत होती. ते शोधत होते. बराच वेळ शोधलं आणि मग थांबले.

"काहीच नाही लागून राहिलं," ते म्हणाले. मला वाटलं, आता रागावतील, मान फिरवतील. तर ते माझ्याकडे बघून हसले, आजारपण आल्यापासून असे हसले नव्हते. "नाही टाकलं ना तू? तुले मी पाह्यजे अजून. म्हणून नाही देऊन राहिली. वाचतो काय मी?"

माझ्या हातात ताट होतं आणि ताटात मीठ. सगळं मीठ देऊन झालं होतं माझं.

"हो," मी म्हटलं. "नाही टाकलं. आधी बरे व्हा, मग टाकीन."

"तेच म्हणतो," ते म्हणाले, आणि तो सगळा रस्सा त्यांनी अळणी समजून, मला बरं वाटावं म्हणून, संपवला.